तिचा बी.एस्सी.चा फॉर्म

आमच्याकडे बारावी सायन्स झालेल्या, पण मेडिकलला नंबर न लागलेल्या पोरांना बी.एस्सी.ला घालतात. शिकण्यासाठी नव्हे, गॅप पडू नये म्हणून. वर्षभर नीटचा अभ्यास नव्याने करायचा, मे महिन्यात पुन्हा परीक्षेला बसायचं, आणि तोवर कागदोपत्री कुठंतरी विद्यार्थी असावं म्हणून झूऑलॉजी, बॉटनी, केमिस्ट्री घेऊन एखाद्या कॉलेजात नाव टाकून ठेवायचं. अशांना रिपीटर म्हणतात. परभणीतल्या आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाचा निम्मा वर्ग रिपीटरांचा होता. बी.एस्सी. करतेस का, असं कुणी विचारलं की आम्हाला राग यायचा. नावापुरतं हाय, असं आम्ही तोऱ्यात सांगायचो.

आज मी त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर झूऑलॉजी शिकवते. नावापुरतं होतं तेच पोटापाण्याचं झालं. याचं मला हसू येतं, आणि हसू आलं की लगेच ती आठवते.

ती पालमची. वडील गवंडीकाम करायचे. घरात तिच्याआधी दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. मी सेलूची, वडील हायस्कूलला गणित शिकवायचे, आजोबा गावातल्या घरांमधून पूजा सांगायचे, आणि घरात पुस्तकांची तीन कपाटं होती. अकरावी-बारावीला आम्ही दोघी परभणीत एका खोलीत राहिलो, एका डब्यात जेवलो. सुरुवातीला आईनं हळूच विचारलं होतं, खोलीतली दुसरी मुलगी कोणाची? मी सांगितलं, बौद्धाची आहे, आणि माझ्यापेक्षा हुशार आहे. हुशार आहे हे मी त्या वेळी किती सहज बोलून गेले होते, याचं आता नवल वाटतं. पुढं पुढं ते मला जड जायला लागलं.

पहिल्या वेळी दोघींचाही नंबर हुकला. माझे वडील पाहुण्यांना सांगायचे, पोरीचं थोडक्यात गेलं. थोडक्यात तिचं गेलं होतं. माझं बरंच गेलं होतं.

मग लातूरच्या एका क्लासनं परीक्षा घेऊन तिला बिनफीचं घेतलं. जाण्याआधी तिनं माझ्याशी एक करार केला. तिचं बी.एस्सी.चं नाव आमच्याच कॉलेजात होतं. ती म्हणाली, "तू हितं रोज येणारच हाय. माझं बी.एस्सी. तू सांभाळ. तिथल्या टेस्टा मी तुला पाठवत जाईन." यात नवीन काही नव्हतं, सगळे रिपीटर असंच करायचे. ज्याला क्लास मिळाला त्यानं पेपर पाठवायचे, जो मागं राहिला त्यानं हजेरी आणि जर्नल सांभाळायचं.

तिनं करार पाळला. दर रविवारी दुपारी टेस्टचा पेपर यायचा, पाठोपाठ तिच्या हातानं लिहिलेली उत्तरं यायची. अक्षर डावीकडं कललेलं, प्रत्येक गणिताच्या शेवटी उत्तराभोवती चौकट. नुसती उत्तरं पाठवली असती तरी चाललं असतं, पण मी कुठं अडकेन हे तिला ठाऊक असायचं, आणि तिथं ती दोन ओळी जास्त लिहायची. एकदा तापानं फणफणली होती तेव्हा पेपर सोमवारी आला, आणि वर लिहिलेलं होतं, "उशीर झाला, रागावू नको."

मीही पाळला, सुरुवातीला. सेलूहून सकाळच्या गाडीनं यायचे. प्रॅक्टिकलला सरांनी तिचा नंबर पुकारला की आवाज बारीक करून "येस सर" म्हणायचे. सरांना सगळं कळायचं. ते मान वर करायचे नाहीत. जर्नलं दोन लिहायचे. हायड्रा दोनदा, गांडुळाचा आडवा छेद दोनदा. तिच्या जर्नलमध्ये अक्षर डावीकडं कलवून लिहायचे. ते मला इतकं जमायला लागलं की कधी कधी माझ्याच जर्नलमध्ये माझं अक्षर कलायचं.

संक्रांतीच्या सुट्टीत ती एक दिवस परभणीत आली ती वार्षिक परीक्षेचा फॉर्म भरायला. फॉर्म संगणकावर भरायचा, फी तिथंच भरायची, मग त्याची छापील प्रत काढून, फोटो चिकटवून, सही करून कॉलेजच्या ऑफिसात द्यायची. ऑफिसातून ती विद्यापीठात गेल्याशिवाय हॉल तिकीट निघत नाही. त्या दिवशी ऑफिसला सुट्टी होती. स्टँडवर लातूरच्या बसमध्ये चढताना तिनं प्रत माझ्या हातात दिली. "तुझ्यासोबतच दे," म्हणाली. मी ती झूऑलॉजीच्या जर्नलमध्ये ठेवली. तिच्या नव्हे, माझ्या जर्नलमध्ये.

त्या रविवारी मोठी टेस्ट होती. पेपर दुपारी आला, आणि रात्री तिनं क्लासमध्ये लावलेल्या निकालाच्या यादीचाही फोटो पाठवला. पहिलं नाव तिचं होतं. मिरवण्यासाठी पाठवला नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. खाली लिहिलं होतं, "तू बी हितं असती तर बरं झालं असतं, लय एकटं वाटायलंय." तोच पेपर मी घरी सोडवला होता. घड्याळ दोनदा थांबवलं होतं, पुस्तक उघडून पाहिलं होतं, तरी माझे मार्क वडिलांना सांगण्यासारखे नव्हते. मी तिला उत्तर पाठवलं, "अभिनंदन गं." ते दोन शब्द लिहायला मला अर्धा तास लागला.

दुसऱ्या दिवशी मी फॉर्म द्यायच्या रांगेत उभी होते. खांद्याला पिशवी, पिशवीत जर्नल, जर्नलमध्ये तिची प्रत. आमच्या ऑफिसात एकच क्लार्क होते, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे. माझी प्रत त्यांनी तपासली, शिक्का मारला, गठ्ठ्यावर ठेवली आणि चष्म्यावरून बघत सवयीनं विचारलं, "आनखी कुनाचा हाय का?"

मी पिशवीवर हात ठेवला होता. मला आठवत होतं. हे मी इथं स्पष्ट लिहिते, कारण पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी विसरले होते. मी विसरले नव्हते. तिला बी.एस्सी. कशाला पाहिजे, असं माझ्या मनात आलं. ती डॉक्टर होणारच आहे. एकीलाच दोन्ही कशाला? उद्या देऊ, असंही वाटलं, पण ते नंतर, ऑफिसाची पायरी उतरल्यावर. भाऊसाहेबांना मी "नाही" म्हणाले आणि निघाले.

उद्याचा दिवस शेवटचा होता. मी आईला पोटात दुखतंय म्हणून सांगितलं आणि सेलूलाच राहिले. दुपारी तिचा फोन आला. "दिला का गं?" मी म्हणाले, "दिला."

मार्चमध्ये सगळ्यांची हॉल तिकिटं निघाली. तिचं निघेना. ती लातूरहून आली, वडील पालमहून थेट कामावरून आले. चपलांना सिमेंट लागलेलं होतं, आणि त्यांनी ऑफिसच्या दाराबाहेर त्या काढून ठेवल्या. तिच्या हातात फी भरल्याची पावती होती. तिनं मलाही बोलावून घेतलं, कारण मी साक्षीदार होते.

भाऊसाहेबांनी गठ्ठा दोनदा चाळला. "मामा, प्रत आली असती तर हितंच असती," ते म्हणाले. "आमच्याकडं आलेलीच न्हाई."

"ही पोरगी खोटं बोलती का मग?" वडिलांनी माझ्याकडं हात केला. "हिनं आपल्या हातानं दिलाय."

भाऊसाहेब माझ्याकडं वळले. ते रागावलेले नव्हते. "बेटा, तू दिला होतास का?"

"हो," मी म्हणाले. "टेबलावर ठेवला होता. तुम्ही फोनवर बोलत होता." खोटं पक्कं करायला तपशील लागतो. तो मला शोधावा लागला नाही, लगेच सुचला.

भाऊसाहेबांचा चेहरा बदलला. फोन तर त्यांना दिवसभर चालूच असायचे. ते आठवायला लागले, आणि आठवता आठवता त्यांना ते खरंच वाटायला लागलं, हे मला समोर उभं राहून दिसत होतं. मग तिचे वडील बोलले. आवाज चढवला नाही. "बाकी समद्यांचे कागद सापडले, साहेब. आमच्याच पोरीचा कसा काय हरवला?"

ऑफिसात आठ-दहा जण होते. त्या प्रश्नाचा अर्थ सगळ्यांना कळला. मला तर सगळ्यांत जास्त कळला, कारण आईनं खोलीतली मुलगी कोणाची म्हणून विचारलं होतं तेव्हापासून मला तो कळत होता. भाऊसाहेबांच्या मनात असलं काही नव्हतं. गुन्हा माझा होता, आणि त्यांच्या अंगावर जो डाग पडत होता तो पुसायला माझं एक वाक्य पुरलं असतं. जर्नल पिशवीत नव्हतं, घरी होतं. पण घर काही लांब नव्हतं. मी गप्प उभी राहिले. भाऊसाहेब इतकंच म्हणाले, "माझ्याकडूनच कुटं गेला आसंल, मामा. मी बगतो."

त्यांनी दोन दिवस कपाटं उलटीपालटी केली. तिच्या पावतीची झेरॉक्स घेऊन स्वतः विद्यापीठात जाऊन आले. तारीख गेलेली होती. वडील तिला म्हणाले, "जाऊ दे, तुला डॉक्टर व्हायचंय, तू तेच बघ." ती लातूरला परत गेली, आणि त्या रविवारी दुपारी मला नेहमीसारखा पेपर आला, उत्तरांसकट.

मे महिन्यात तिचं पुन्हा थोडक्यात हुकलं. परीक्षेला दोन महिने राहिले असताना झालेल्या त्या मनस्तापानं किती मार्क खाल्ले, याचा हिशोब मी किती वेळा मांडला असेल. तो लागत नाही. माझं तर सपशेल गेलं. मी नाक मुठीत धरून बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात बसले. तिला बसायला दुसरं वर्षच नव्हतं. परत पहिल्यापासून सुरू करायचं तर एक अख्खं वर्ष वाया गेलेलं होतं, आणि घरात मागं दोन भावंडं होती. तिनं रक्त-लघवी तपासण्याचा डिप्लोमा केला आणि परभणीतच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागली.

तिनं मला कधी काही विचारलं नाही. माझ्या लग्नाला आली, जेवून गेली, आईच्या पाया पडली. सणासुदीला मेसेज येतो. वडिलांची शुगर तपासायची असते तेव्हा मी त्यांना मुद्दाम दुसऱ्या लॅबमध्ये नेते. ते म्हणतात, तुझी मैत्रीण आहे ना तिकडं? मी म्हणते, तिथं गर्दी असते.

एम.एस्सी. करून मी कॉलेजात शिकवायला आले तेव्हा ऑफिसातला एक नवा रिवाज माझ्या लक्षात आला. भाऊसाहेब आता प्रत्येक फॉर्मची पोच द्यायचे. निळ्या शाईनं हातानं लिहिलेली एवढीशी चिठ्ठी: नाव, तारीख, सही. असा काही नियम नव्हता. शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी ते यादी घेऊन वर्गावर्गात फिरायचे, ज्यांचे फॉर्म आले नाहीत त्यांची नावं वाचायचे, आणि वर्गात नसतील त्यांना फोन लावायचे. पोरं हसायची. कुणी गैरहजर असलं की मागच्या बाकावरून हाळी यायची, "भाऊसाहेब, ह्याचं लगीन बी तुमीच लावून द्या." ते हसून यादीतलं पुढचं नाव घ्यायचे. मी एकदा, जणू मला काही माहीतच नाही अशा सुरात, विचारलं की एवढा त्रास कशाला घेता. ते म्हणाले, "एका पोरीचं वर्ष गेलंय मॅडम माझ्या हातून. तुमची मैत्रीणच की ती. इसरला का?"

त्या दिवशी सांगून टाकावं असं वाटलं, आणि मग वाटलं की इतक्या वर्षांनी सांगून कुणाचं काय भलं होणार आहे. हा विचार मी पुढं दर वर्षी केला, फॉर्मच्या दिवसांत. तो मला फार सोयीचा होता.

यंदा भाऊसाहेब निवृत्त झाले. शेवटच्या आठवड्यात ते कपाट रिकामं करत होते आणि मी काही सह्यांसाठी गेले होते. खणाच्या तळातून त्यांनी एक पिवळी पडलेली झेरॉक्स काढली. तिच्या फीची पावती होती. "एकच काम ऱ्हायलंय," ते म्हणाले. "तिला एकदा भेटून माफी मागायची हाय. तिच्या वडलांनी जे इचारलं ना मॅडम, ते अजून झोंबायलंय. माझ्या मनात तसलं काही नव्हतं, एवढं तिला सांगायचंय. कुटं असती ती आता? तुमाला ठावं आसंल."

मला ठाऊक होतं. स्टेशन रोडची लॅब, सकाळी आठ ते दुपारी दोन. मी म्हणाले, चला, मी नेते. का म्हणाले ते सांगता येत नाही. कदाचित मला वाटलं असेल की तिथं पोचेपर्यंत काहीतरी सुचेल. स्कूटीवर ते माझ्या मागं बसले, मांडीवर ती पावती एका पाकिटात. अख्ख्या रस्त्यात ते एकच बोलले, "हळू घ्या मॅडम, घाई न्हाई."

लॅबमध्ये पाच-सहा माणसं बाकावर बसली होती. ती एका म्हातारीच्या दंडाला रबर बांधत होती. आम्हाला पाहून तिचा चेहरा खुलला. रक्त घेऊन झाल्यावर कापूस दाबून धरायला सांगून ती आमच्याकडं आली, तर भाऊसाहेबांनी हातच जोडले. एवढा मोठा माणूस, सगळ्या लोकांसमोर. "पोरी, तुझा फॉर्म माझ्याकडून गेला. मुद्दाम न्हाई केलं मी. मला माफ कर."

तिनं घाईनं त्यांचे हात खाली केले. "भाऊसाहेब, असं कामून करायला तुमी? माझ्या बापानं त्या दिवशी तुमाला लय लागेल असं बोललं. त्यांना अजून वाईट वाटतंय. माफी तर आमीच मागायची."

माझ्या दोन्ही बाजूंना दोन निर्दोष माणसं एकमेकांची माफी मागत होती, आणि दोघंही अधूनमधून माझ्याकडं बघून हसत होती, मी त्यांची भेट घडवून आणली म्हणून. मला ते सहन झालं नाही. धीर आला असं मी म्हणणार नाही. फक्त तिथं उभं राहणं अशक्य झालं.

"फॉर्म माझ्या जर्नलमध्ये होता," मी म्हणाले. "मी दिलाच नव्हता. अजून घरी आहे."

पहिल्यांदा भाऊसाहेबांना कळलं. "टेबलावर ठिवला नव्हता?"

"नाही."

"म्हंजे माझ्याकडून हरवलाच न्हाई." ते बाकावर बसले. पाकिटातली पावती काढली, पाहिली, परत ठेवली. मला वाटलं ते चिडतील, बोलतील. बोलायला हवं होतं. त्यांनी खिशातून फोन काढून घरी लावला आणि बायकोला सांगितलं, "अगं, तो कागद माझ्याकडून न्हाई गेला." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते हसत होते. नऊ वर्षांत कधीही, कुठल्याही दिवशी, एका वाक्यात मी त्यांना हे देऊ शकले असते.

ती माझ्याकडं बघत होती. हातमोज्यांवर रक्ताचा एक थेंब होता. आवाज तिनं अगदी खाली आणला, आजारी माणसाशी बोलावं तसा. "इसरली होतीस ना तू?"

तिनं माझ्यासाठी वाट काढून ठेवली होती. मी कुठं अडकेन हे तिला ठाऊक असायचंच. मी नुसतं "हो" म्हटलं असतं तर तिनं मला तिथल्या तिथं माफ केलं असतं, आणि पुढच्या सणाला मेसेज आला असता.

"नाही," मी म्हणाले. "आठवत होतं."

तिनं हातमोजे काढून डब्यात टाकले, नवे घातले आणि बाकाकडं वळून विचारलं, "पुढं कोण हाय?" एक बाई उठून खुर्चीवर जाऊन बसली. तिनं त्या बाईच्या दंडाला रबर बांधलं आणि म्हणाली, "मूठ आवळा, ताई." माझ्याकडं तिनं परत पाहिलं नाही.